पापणीच्या आत

याकुत्स्कच्या बाजारात मासे उभे राहतात.
खोक्यांत, शेपटीवर, सरपणासारखे.
डोळे उघडे आणि डोळ्यांवर पांढरी साय.
त्यांच्याकडे बोट दाखवून आई म्हणाली होती,
"कुन्नेय, तुझंही असंच होणार.
काच बुबुळाला चिकटेल,
मग बस सुरीनं खरवडत."

मी तेव्हा एकावन्न वर्षांची
आणि पारा उणे एकावन्न.
त्याच सकाळी चष्म्याची दांडी
माझ्या गालाचा पापुद्रा घेऊन निघाली होती.
श्वास सोडला की भिंगांवर बर्फाची जाळी.
गिऱ्हाईक दिसेना, तराजूचा काटा दिसेना,
अंदाजानं तोलायचं, अंदाजानं हसायचं.

काच नव्हे गं आई.
खवल्याएवढी ओली, मऊ लेन्स,
आणि ती गोठत नाही.
डोळा आतून कोमट असतो,
चुलीवरून उतरवून झाकून ठेवलेल्या दुधासारखा.
थंडी पापणीपर्यंत येते,
दार वाजवते, परत जाते.

गोठतं ते बाकीचं.
पहिल्याच हिवाळ्यात थेंबांची बाटली
कोटाच्या बाहेरच्या खिशात गारगोटी झाली.
आता ती काखेजवळ झोपते, स्वेटरच्या आत,
पिल्लासारखी.
मफलर नाकावर फार घट्ट बांधला
तर वाफ वर चढते, पापण्यांचे केस एकमेकांत गुंततात
आणि भर रस्त्यात, मोजा काढून,
दोन बोटांनी डोळा सोडवावा लागतो.

पण खरा वैरी गारठा नव्हेच.
बसमधला तो गरम झोत, तोंडावर येणारा.
घरातले पाइप, रात्रंदिवस तापलेले,
हवा सुकवलेल्या मासळीसारखी कडक.
बाहेर दहा तास काही होत नाही,
घरात पाऊल टाकलं
की डोळ्यांत वाळू.

गेल्या गुरुवारी धुकं एवढं दाट
की सगळ्या शहराच्या डोळ्यांचा नंबर एकच झाला.
घरी आले, डोळा चोळला, चोळायला नको होता,
लेन्स सरकून वरच्या पापणीआड गेली.
बोटं चिरलेली, तीनदा साबण लावूनही मासळीचा वास.
मिचिल खाणीवर, महिनाभर येणार नव्हता.
घरात उल्याना.

बटाटे काढायच्या दिवसांपासून
सुनेचं नि माझं बोलणं बंद होतं.
कारण म्हणाल तर एक वाक्य.
माझंच.
ती मला डोळ्यात खुपायची,
आणि आता खरोखरच काहीतरी खुपत होतं
नि ते काढायला तीच होती.

तिनं विचारलं नाही. कणकेचे हात धुतले,
बाटली मुठीत धरून जरा ऊब दिली.
"खाली बघा. हलू नका."
थेंब पडला.
"मिटा. अजून. पापणी वरून हळू दाबा."
मे महिन्यात लेनेवरून सुटा बर्फ जावा
तशी ती लेन्स खाली आली, बुबुळावर बसली,
आणि उल्यानाचा चेहरा एकदम स्वच्छ झाला,
एका वितीवर.

गालफडावर हिमदंशाचा डाग.
कडेला काळसर, मध्ये फिकट,
याच हिवाळ्यातला.
पहाटे दूध आणायला तीच जाते.
एवढ्या चांगल्या लेन्स घालून
तीन महिने मी काय बघत होते, कोण जाणे.

काही बोलले नाही. तीही नाही.
सकाळी उठले तर पाइपावर ओला टॉवेल,
खिडकीशी पाण्याचा टोप.
मी ठेवला नव्हता.
मी तिच्या हातमोज्यांशेजारी
हंसाच्या चरबीची डबी ठेवली आणि बाजारात गेले.

मासे उभे होते.
मी पापणी लववली, त्यांनी नाही.
तिनं ती लावली की नाही
ते संध्याकाळी बघेन,
घरात शिरल्या शिरल्या,
डोळे कोरडे पडायच्या आत.