मधली रेघ

पहाटे पावणेपाचला फोन वाजायचा.
"ड्वेन, नाल्याच्या वळणावर बर्फ किती?"
ना नमस्कार, ना चमत्कार.
मी अंधारात बूट चढवून बघून यायचो,
आणि तिच्या एका "बरं"वर
दोन जिल्ह्यांचे सामने पुढे ढकलले जायचे.

लवॉन आयलर्स. दारावर पाटी : क्रीडा संचालक.
एकतीस वर्षं मी बस चालवली ती तिच्या वेळापत्रकावर.
पंचांचे चेक, फुटबॉलच्या मैदानावरचा चुना,
कुणाचा तरी एकच मोजा,
तिकिटांचे पैसे सिगारच्या जुन्या डब्यात,
नाणी मोजताना ओठ हलायचे तिचे.

एकदा एक बाप गॅलरीतून ओरडत खाली आला,
माझ्या पोराला का बसवून ठेवलंय म्हणून.
तिनं ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात झाडू दिला :
"मध्यंतर सात मिनिटांचं आहे."
पोरगा बाकावरच राहिला वर्षभर.
बाप मात्र दर शुक्रवारी झाडायला हजर.

सगळं असं गोड नव्हतं.
कुस्तीचा संघ तिनंच बंद केला, सात पोरं उरली तेव्हा.
कोच माझा सख्खा भाऊ.
त्यानंतर मरेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.
त्याच्या अंत्यविधीला ती आली, शेवटच्या रांगेत बसली,
आणि सगळे गेल्यावर
चर्चच्या तळघरातल्या खुर्च्या मिटून, मोजून ठेवून गेली.
मी "राहू दे" म्हणालो नाही.

आमच्या आयोवात मुलींचं बास्केटबॉल वेगळं असायचं, पूर्वी.
एका बाजूच्या सहाजणी. तिघी अलीकडे, तिघी पलीकडे,
मध्ये रेघ. ती ओलांडायची नाही.
चेंडू दोनदा आपटायचा, मग देऊन टाकायचा.
लवॉन बचावातली.
चार वर्षं तिनं दुसऱ्यांच्या हातून चेंडू काढले,
रेघेपर्यंत आणले, पलीकडे दिले
आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली.
नावावर एकही गुण नाही.
गावाला तिचं खेळणं आठवतं म्हणतात,
पण काय आठवतं विचारलं तर सांगता येत नाही कुणाला.

तो खेळ ज्या वर्षी बंद झाला
त्याच वर्षी तिला ते ऑफिस मिळालं.
मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का?
म्हणाली, "मागचं टायर बघ, हवा कमी आहे."

गेल्या फेब्रुवारीत तिचा शेवटचा सामना.
आम्ही हरलो, अकरा गुणांनी.
मी बस गरम करत ठेवून आत डोकावलो :
अर्धे दिवे बंद, आणि ती एकटी
रुंद पोछा ढकलत येत होती.
रेघेपाशी पोछा पुढे गेला,
पाय थांबले.
असेल, गुडघ्यामुळेही असेल.
मग गेली पुढे, भिंतीपर्यंत, आणि वळली.

आता नवा माणूस रात्रीच मेसेज पाठवतो, हवामान बघून.
हुशार आहे. चूक होत नाही त्याची.
मला जाग तरी पावणेपाचलाच येते.
पडून काय करायचं, म्हणून जातो वळणापर्यंत.

परवा माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलं होतं.
ताज्या बर्फात टायरच्या दोन खुणा,
नाल्यापर्यंत आलेल्या,
तिथं वळून गावाकडे परत गेलेल्या.
मी उतरलो, पट्टी रोवून पाहिली.
चार इंच.
खिशातला फोन काढला,
आणि नंबर लावावा की नाही
हे ठरेपर्यंत काच धुक्यानं भरून गेली.