साखर मोजणारा

सोळा वर्षं मी साखर मोजतोय.
मोहाडीच्या पॅकहाउसात, मळ्यामळ्यांतून.
घडाच्या शेंड्याचा मणी चिरडायचा,
थेंब काचेवर, नळी उन्हाकडे,
एक डोळा मिटून
निळ्या-पांढऱ्याच्या शिवेवरचा आकडा वाचायचा.
अठरा आला की, चालवा कात्री.
सोळा असला तर, थांबा,
चार दिवस ऊन खाऊ दे.

घरी मोरीत मुंग्या लागल्या
तेव्हा मी फिनाईल आणलं.
जुई रात्रीतून पाचदा पाणी मागायची,
गादी ओली करायची.
मी म्हणालो, पाच वर्षांची घोडी झालीस.
ते वाक्य
मुंबई नाक्याच्या दवाखान्यात,
ती सलाईन लावून निजलेली असताना,
परत आलं
आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलं.
अजून उठलेलं नाही.

डॉक्टर पिंगळे म्हणाल्या, गोड खाऊन होत नाही हा.
कुणाचं काही चुकलेलं नाही.
सिस्टरनं संत्र्यावर सुई शिकवली.
संत्रं काही बोललं नाही.
जुई बोलली.

आता फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, निळं पेन.
वीज गेली की माठात माठ.
अर्धी भाकरी म्हणजे किती, मूठभर पोहे म्हणजे किती,
सुनंदा वहीत लिहिते,
खाली वाण्याची यादी:
तूरडाळ, साबण, पट्ट्यांची डबी.
डबीपुढची किंमत तिनं दोनदा गिरवलीय.
मावसभाऊ म्हणाला, द्राक्षंच नडली तुम्हाला.
मी त्याला चहा दिला. दोन चमचे साखर घालून.

शाळेत बोरस्ते बाईंना सांगून आलोय,
ती म्हणाली, बाई, माझे पाय कापसाचे झाले,
तर प्रार्थना संपायची वाट बघू नका.
आधी ग्लुकोज.
देव थांबेल.

रात्री तीनचा गजर.
मखमलाबादला तेव्हा जागी फक्त कुत्री
आणि मालाच्या गाड्या.
टॉर्च दातांत, करंगळीची कड,
थेंब.
पाच सेकंद.
तेवढ्यात मी गंगेवरचा एकही देव सोडत नाही.
एकसष्ट.
ग्लुकोजचं पाणी पाजलं,
डोळे न उघडता प्यायली.
पंधरा मिनिटांनी पुन्हा थेंब, दुसरं बोट.
सत्त्याण्णव.
सुनंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, किती?
म्हणजे तीही जागीच होती.

काल संध्याकाळी जुईनं माझं बोट धरलं.
आता तुझी.
नवी सुई लावून दिली. टच्.
मशीन तिनं खिडकीतल्या उन्हाकडे धरलं,
एक डोळा मिटला,
एक, शून्य, चार, असं सुटं सुटं वाचलं
आणि मान हलवली.
बाबा, तू कच्चा आहेस अजून.
चार दिवस ऊन खा.

मग वाटीतले आपले दहा मणी मोजून घेतले,
अकरावा
माझ्या तोंडात कोंबला.