आठशे म्हणजे

मिरजेत, दस्तगीरचाचांच्या दुकानात,
टांगलेल्या भोपळ्यांखाली मी लॅपटॉप उघडला.
त्यांनी आधी टेबलावरचा भुसा फुंकला.
"वाजव," म्हणाले.

पंचम, जोड, जोड, खर्ज.
प्रत्येक तारेपुढं मी आकडा लिहिला होता :
आठशे मिलिसेकंद थांब, मग छेड.
क्रोममध्ये छान चाललं. फायरफॉक्समध्येही.
निलोफरनं आयफोनवर लावलं,
मध्येच मेसेज आला म्हणून दुसऱ्या पानावर गेली,
परत आली तेव्हा
खर्ज पंचमाच्या अंगावर पडला होता.

चाचा हसले नाहीत.
पॉलिशनं पिवळं झालेलं बोट वर केलं :
"त्याच्या आधीपण चुकत हुतं.
दुसरी जोड जराशी मागं राहतीया."

जराशी म्हणजे किती?
मी नोंदी काढल्या. आठशे चार. आठशे नऊ.
एकदा आठशे एकतीस.

मग सांगावं लागलं, थोडं ओशाळून,
जसं घरातल्या एखाद्या काकांबद्दल सांगतात :
आठशेला येतो, असं तो कधी म्हणालाच नव्हता.
आठशेच्या आधी येणार नाही, एवढाच त्याचा शब्द.
हातात दुसरं काम असलं तर ते उरकून येतो.
पान झाकलं की सेकंदातून एकदाच डोळा उघडतो,
कुठं कुठं तेवढाही नाही.
शून्य लिहिलं तरी रांग संपल्यावरच उठतो.
प्रत्येक ब्राउझरच्या घरची रीत निराळी.

"म्हंजे आमचा रंगारी," चाचा म्हणाले.
"सुक्रवारी देतो म्हणतो.
सुक्रवारच्या आधी देत नाही, हे मात्र खरं."

आणि तंबोरा आडवा घेऊन
घोडीवर, तारेखाली, सुताचा दोरा सरकवू लागले.
केसाएवढा पुढं. ऐकलं. अर्धा केस मागं.
जवारी काल कुठं लागली होती
याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.
तार आत्ता काय म्हणते, तेवढंच.

रात्री मी सगळे आठशे खोडले.
आता प्रत्येक छेडीनंतर घड्याळाला विचारते,
झाला असेल तेवढा उशीर
पुढच्या थांब्यातून कापते.
पान झाकलेलं असलं तर गप्प बसते.

सकाळी चाचांनी पाच मिनिटं ऐकलं. डोळे मिटून.
"बरं हाय. पण लई सरळ वाजतंय.
माणसाचं बोट कधी आठशे असतंय का?"

रात्रभर कापून टाकलेला उशीर
आता थोडासा, अगदी थोडासा,
कुठं परत घालावा
ते मी शोधत बसले आहे.