वरच्यांची जमीन

निविदेत लिहिलं होतं : छत हलतं हवं.
विद्यापीठाच्या नवोन्मेष केंद्रासाठी,
खाली बसणाऱ्यांच्या विचारांना प्रतिसाद देणारं.
विचार कुठल्या पट्टीने मोजायचे, ते नव्हतं लिहिलं.

मी दोनशे सोळा पट्ट्या काढल्या कागदावर.
ॲल्युमिनियमच्या, पाऊण मिलिमीटर जाड,
प्रत्येकीला काडेपेटीएवढी मोटर
आणि टांगायला तंगूस, मस्जिद बंदरहून.
दुकानदाराने विचारलं, कुठल्या माशासाठी?
म्हटलं, अजून ठरायचंय.

साकीनाक्याला हसमुख पांचाळांच्या गाळ्यात
पहिली रांग टांगली. खाली माणूस चालला
की वर लाट.
चालली लाट. सुंदर चालली.
हसमुखभाई कटिंगचा ग्लास धरून बघत राहिले,
मग म्हणाले, मॉलमध्ये आहे की असंच,
माझी नात हात हलवते, फुलपाखरं उडतात.
मला त्यांचा राग आला.
रिक्षा मरोळला पोचेपर्यंत
तो माझा मलाच आला.

माझगावला ज्या खोलीत मी वाढले, दहा बाय बारा,
तिचं छत म्हणजे वरच्या गवाणकरांची जमीन.
मे महिन्यात दुर्गामावशी मसाला कुटायला बसली
की चुन्याचे पापुद्रे आमच्या वरणात.
आई ताटावर ताट पालथं घालायची
आणि वर न बघता म्हणायची, आज धणे.
मिरचीचा ठोका बसका. हळकुंडाचा
आमच्या फडताळातल्या पेल्यांना कळायचा.
ज्या रात्री त्यांची सून अडली
आख्खं छत येरझाऱ्या घालत होतं.
पहाटे थांबलं.
खाली आम्ही चौघं जागे.
थांबण्यावरून काही कळेना, चांगलं की वाईट.
आईने उठून स्टोव्ह पेटवला,
मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं.
दोन्हीला लागतंच.

मी सगळे सेन्सर जमिनीवरून काढले
आणि स्लॅबच्या पोटाला चिकटवले.
वर पुनर्मूल्यांकन विभाग आहे.
लोखंडी कपाटं, तीन खिडक्या, गठ्ठे.
हसमुखभाई शिडीवरून ओरडले, वर कोण चालतंय
ते खालच्यांना कशाला दाखवायचं?
मग स्वतःच गप्प झाले. एकशे बारावी पट्टी
अडकत होती, ती त्यांनी तीनदा उतरवून घासली,
पैसे लावले नाहीत.

समितीत डॉ. केळुसकर म्हणाले,
पण यात खालच्या मुलांचा सहभाग कुठे?
म्हटलं, ती मान वर करतील.
इतिवृत्तात एवढंच आलं : मान.

उद्घाटनाला छत हललं नाही.
फीत कापली, टाळ्या झाल्या, दोनशे सोळा पट्ट्या
दुपारच्या पारव्यांसारख्या ढिम्म.
केळुसकर सर माझ्याकडे बघत होते,
मी हसमुखभाईंकडे, ते सर्किटच्या डब्याकडे.
मग झरीन, माझी मदतनीस, कानाशी कुजबुजली :
खुर्च्या भराव्यात म्हणून वरचा सगळा स्टाफ
खाली आणून बसवलाय.
बघितलं तर खरंच. तिसऱ्या रांगेत हेडक्लार्क,
मांडीवर पेढ्याचा बॉक्स.

आता वायर ओढावी, हाताने लाट सोडावी,
कुणाला कळणार होतं?
मी डब्याकडे निघाले, आणि पट्टी एकशे त्रेचाळीस
थरथरली.
जागच्या जागी. थांबली. पुन्हा थरथरली.
तीन नंबरच्या खिडकीच्या बरोबर खाली.
कुणीतरी उभं होतं तिथे, फॉर्म घेऊन,
या पायावरचा भार त्या पायावर देत.
मग दुसरं पाऊल आलं, सावकाश, सपाट चपलेचं.
हेडक्लार्क पुटपुटल्या, कासारेबाई. आल्या नाहीत त्या.
लाट खिडकीपाशी गेली,
क्षणभर टेकली,
वळून कपाटांच्या दिशेने निघाली.

केळुसकर सरांचं भाषण सुरू झालं होतं.
पुढच्या रांगेतली मुलं वर बघत होती.
एकशे त्रेचाळीस हलत होती अधूनमधून.
कपाटाकडे गेलेली लाट
अजून परत आली नव्हती.