वर एक मूठ

लक्ष्मीपुरीत आमचं पेंडीचं दुकान.
शेंगपेंड, सरकी, एरंडी. पोत्यानं विकायची,
आणि काटा थांबला की वर एक मूठ टाकायची.
आजोबा टाकायचे, वडील टाकायचे.
मगदुमांची मूठ म्हणून हातकणंगल्यापर्यंत नाव.

तिथं एक बाई आल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला,
म्हणाल्या, एरंडी पेंड द्या. शंभर ग्रॅम.
हमाल हसला, "एवढी तर पोतं उचलताना सांडत्या."
मी सवयीनं वर मूठ टाकली.
त्यांनी ती कागदावरून परत पोत्यात झाडली.

तीन पिढ्यांत मूठ कुणी परत केली नव्हती.

नाव रूथ लोखंडे. सीपीआरमध्ये सिस्टर होत्या,
दिवस भरायच्या आधी आलेल्या मुलांच्या वॉर्डात, एकतीस वर्षं.
टेंबलाईवाडीला गच्चीवर त्यांची झाडं.
बावीस वर्षांचा उंबर माझ्या ढोपराला लागत होता
आणि त्याला खरी फळं होती.
मी विचारलं, उपाशी ठेवता म्हणून एवढी राहतात?
त्यांनी कात्री दाखवली.
"लहान ही ठेवते. उपाशी झाड लहान राहत नाही, मरतं."
जाताना एक चिंच हातात दिली, वितीएवढी.

आता माझ्या दारचं झाड हडकुळं कसं दिसू द्यायचं?
दर सोमवारी भरून चमचा दाणेदार खत,
आणि वर मूठ.
आधी खूश झालं. पानं रुंदावली,
फांद्या लग्नघरातल्या पोरांसारख्या कुठंही पळाल्या,
पानापानांत बोटबोट अंतर.
मग कडा करपल्या.
एका दुपारी नुसता हात लागला
आणि सगळी पानं फरशीवर.

रूथबाईंनी कुंडी उपडी केली. मुळं काळी.
"महिनाभर काही द्यायचं नाही.
आजाऱ्याला जेवणाचा आग्रह करतात का?"
कोल्हापुरात हे कुणाला विचारायचं!
इथं ताटावर हात आडवा धरला
तर बोटांच्या फटीतून वाढतात.

मग त्या सांगत गेल्या, मी पावतीच्या मागं लिहीत गेलो:
पेंड आठ दिवस कुजवायची, मग पाणी, अजून पाणी,
रंग चहाचा नको, दुसऱ्यांदा उकळलेल्या चोथ्याचा.
पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं,
नवख्या हातानं त्याच्याही निम्मं.
आधी साधं पाणी. तहानलेल्या मुळाला खत भाजतं.
वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला एकदा.
आषाढात पाऊस सगळं धुऊन नेतो,
तेव्हा आठवड्याला, पण आणखी पातळ.
थंडीत महिन्याला, तेही झाड जागं असेल तर.
माती बदलली की चार आठवडे हात मागं.

"दोन मिली," त्या मध्येच म्हणाल्या, "दर दोन तासांनी.
नव्या पोरी पाच द्यायच्या, मायेनं."
पुढं बोलल्या नाहीत.
खाली फाटक पडलं होतं, गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

दशलक्षणात आई जेवायला बसायची
आणि चार घासांची भूक उरली की ताट सारायची.
अवमौदर्य, म्हणायची.
मी हसायचो, पेंडवाल्याची बायको अन् पोट उणं.
त्या चार घासांच्या जागेत काय असतं
ते कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

चिंचेला डोळा फुटलाय, मोहरीएवढा.
कॅलेंडरवर लाल खुणा केल्यात,
सूनबाईंना वाटतं माझ्या गोळ्यांच्या.
सकाळी गिऱ्हाइकाच्या पोत्यावर मूठ टाकतो,
म्हशीला ती हवीच.
मग हात धुऊन सिरिंज भरतो,
कडेकडेनं सोडतो, बुंध्यापासून लांब.

थोडं उरतं.
हात कुंडीकडंच जातो.
ते बाटलीत परत सोडतो,
आणि झाकण लावून बाटली वर ठेवायला
सूनबाईंना हाक मारतो.