नापास

भोसरीत अठ्ठावीस वर्षं मी स्प्रिंगा तपासल्या.
वजन लावायचं, सोडायचं,
जी परत येत नाही तिच्यावर लाल ठिपका.
आता बिबवेवाडीच्या गच्चीवर
डेल्फिनियमच्या दांड्यांना वायसर अडकवते,
एक, दोन, चार,
आणि वहीत लिहिते, किती वाकली, किती परतली.

मुंढव्याच्या नर्सरीत दस्तगीर म्हणाला होता,
बाई, हे थंडीचं पोर,
आपल्याकडचा मार्च त्याला सोसायचा नाही.
तरी बी त्यानंच दिलं, औषधाच्या पुडीत, मोहरीएवढं.
सप्टेंबरभर फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी झोपलं.
यांनी एकदा फोडणीसाठी बाहेर काढलं.
विषारी आहे हो! मी किंचाळले.
तेव्हापासून हे गच्चीवर जरा जपूनच येतात.

पाच नंबर निळी.
नीळ चुकून जास्त पडलेल्या सदऱ्यासारखी निळी.
पण देठ पोकळ, तुरा जड,
संध्याकाळी कात्रजकडून वारा सुटला
की कठड्यावर डोकं टेकते.
अकरा नंबर म्हणजे काठी.
चार वायसर घेऊन ताठ उभी,
फूल मात्र धुऊन धुऊन विटलेलं.

पहाटे, पाचची कळी उमलायच्या आत
चिमट्यानं तिचे केसर काढले,
अकराचा पराग कुंचल्यानं टेकवला,
आणि खूण म्हणून दोरा बांधला.
डब्यात लालच होता.
गाठ मारताना हात थबकला.

पुढच्या थंडीत तेवीस रोपं आली,
सगळी मधलीच. ना रंग, ना कणा.
उपटून टाकणार होते,
दस्तगीर म्हणाला, थांबा,
यांच्या पोटात आजी-आजोबा आहेत अजून.

त्याच्या पुढच्या थंडीत साठ कुंड्या.
जिन्यातून माणूस जाईना.
बेचाळीस नंबरनं पाच वायसर घेतले
आणि सोडल्यावर सावकाश, कुरकुरत, परत आली.
रंग? जवळजवळ.
कडेला जरा जांभळट झाक आहे,
ती पुढच्या खेपेला बघू.

बाकीच्या एकोणसाठ उपटल्या.
बी धरायचं तर दया चालत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.

पण पाचच्या बियांची एक कुंडी
दरवर्षी कोपऱ्यात लावतेच.
तिचं काम कधीच झालंय.
मोडक्या छत्रीच्या काडीला
परकराच्या नाडीनं बांधते,
वायसर लावत नाही.
हे दारातूनच विचारतात, ही नापास ना?
हो, म्हणते.
आणि पाणी घालते.