रिझर्व्ह

येलदरीचा घाट मागं पडला की
रस्ता दोन्हीकडून करडईत शिरतो.
तिथं ते दोघं होते.
एक म्हातारा, एक पोरगा,
आणि आडवी पाडलेली गाडी,
टाकीतला तळाचा घोट एका अंगाला यावा म्हणून
लोक पाडतात तशी.

मी थांबले नाही.
खरं तेच सांगते.
सहा वाजून गेले होते, पायाशी लसीची पेटी,
पेटीत बर्फ पाणी होत चाललेला,
आणि बाईनं कुठं थांबावं, कुठं नाही
हे बाईला शिकवावं लागत नाही.

पण आरशात पोरगा दिसत राहिला.
हात केला नव्हता त्यानं.
गाडी उभी करून, टाकीला कान लावून
हलवून हलवून ऐकत होता.
ती वाकण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची.
भरल्या पोटावर नळी टेकवून
मी अशीच वाकते,
आत कुणी आहे का ऐकायला.

कॅनॉलच्या पुलावर गाडी वळवली.

म्हातारा दगडावर. मांडीवर शालीत गुंडाळलेलं
लेकराएवढं काहीतरी.
माझ्या पोटात गोळा आला.
"मशिनचं मुंडकं हाय," तो म्हणाला, "शिलाईच्या.
सुनेची मशीन. लग्नं तोंडावर, अन् टाका सोडायली."
जिंतूरचा कारागीर म्हणे नऊपर्यंत बसतो.
मग नेहमीचं विचारलं त्यानं,
"कोणाच्या तुम्ही?"
"सरकारच्या," म्हटलं, आणि डिकी उघडली.

सलाईनची नळी. पन्नासची सिरिंज.
पोरानं बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं,
उरलेलं म्हाताऱ्याला पाजलं, बाटली झटकली.
मी टाकीत नळी सोडली, सिरिंजनं ओढलं,
चिमटा ढिला केला.
थेंब.
थेंब.
मग बारीक धार.
तिघंही बाटलीकडं बघत बसलो,
कॉटवर कुणाची तरी आई असावी
आणि आम्ही तिचे नातेवाईक, तसे.

"मुंजाजी, बस कर. त्यायलाबी जायचंय."
मी म्हटलं, घ्या अजून थोडं.
माझ्या स्कुटीचा काटा दिवाळीपासून मेलेला.
किती उरलं, मला तरी कुठं माहीत होतं?

चौथ्या किकला गाडी खोकली, आणि लागली.
म्हाताऱ्यानं बंडीतून वीसची नोट काढली.
मी नको म्हटलं,
आणि नको म्हणताना
जराशी ऐट आलीच अंगात.

ती ऐट दोन किलोमीटर पुरली.
चढाला स्कुटी काही न बोलता थांबली.

त्यांचा लाल दिवा वळणाआड गेला.
अंधारात करडईचं पिवळं आधी जातं,
काटे मागं राहतात.
एक जीप गेली. एक ट्रॅक्टर, टेप लावलेला.
मी हात केला नाही.
पेटीला तेवढा लावून बघितला.
अजून गार होती.

मग वळणावर एकच दिवा उलटा आला.
"आरशात तुमचा उजेड दिसंना," मुंजाजी म्हणाला.

परत द्यायला बाटलीत काही नव्हतं.
त्यानं गाडी माझ्या मागं उजवीकडं घेतली,
डावा पाय माझ्या फूटरेस्टला रोवला,
आणि दोन्ही गाड्या मिळून सरकू लागलो,
एक आवाजाची, एक बिनआवाजाची.
मागं म्हातारा, मशीन कवटाळून,
वाऱ्यात ओरडला,
"पोराचा पाय लागायलाय माय,
पदरात घ्या."

पाय लागला की हात छातीला न्यायचा असतो.
पोराचे दोन्ही हात हँडलला होते.
"लागू द्या," मी म्हटलं.
ऐकू गेलं नसावं.
नऊ किलोमीटर तो पाय हलला नाही.

पंपाच्या पांढऱ्या उजेडात दिसलं,
त्याच्या चपलेचा अंगठा
सेफ्टी पिनेनं टाचलेला.
पेट्रोल भरेपर्यंत ते निघाले होते,
पावणेनऊ वाजले होते.
दुकान उघडं सापडलं का,
कुणाला विचारणार?